हाक काढून टाक

समुद्र मी बनवला होता.
बर्गनला, तिसऱ्या मजल्यावर, हीटरशेजारी बसून,
आठ महिने.
लाट, फेस, लाटेच्या पोटातला हिरवट काळोख.
खऱ्या बोटीवर आयुष्यात दोनदा चढलो असेन;
दोन्ही वेळा ओकलो.

तरी समुद्र झाला.
सहा हेडसेटमध्ये मावला, काळ्या पेटीत बसला
आणि विमानानं माझ्यासोबत वार्डोला आला,
जिथं नोव्हेंबर सरता सरता सूर्य रजेवर जातो
आणि मासेमारीच्या शाळेत
भर दुपारी बारालाही दिवेच.

सोळा-सतरा वर्षांची पोरं.
टूली, आइलू, सिव, आणि एक मुखदुर्बळ ब्रिन्यार.
हेडसेट चढवले मात्र,
सपाट फरशीवर सगळी पाय फाकवून उभी!
म्हणजे माझी लाट लागू पडली.
मीच माझी पाठ थोपटली, मनातल्या मनात.

धडा साधा होता.
माणूस पाण्यात पडतो, ‘वाचवा’ म्हणून ओरडतो.
एकानं त्याच्याकडे बोट रोखून धरायचं,
दुसऱ्यानं बोट वळवायची.
चुकलात तर माणूस जातो,
बटण दाबलं की परत डेकवर हजर,
कोरडा ठणठणीत.

आयलर्ट मास्तर दाराला टेकून बघत होते.
डाव्या हाताला बोटं तीन;
बाकीची एका यारीनं ठेवून घेतलेली.
त्यांनी हेडसेट घातला, मान फिरवली,
विचारलं, ‘वारा कुठला?’
मी म्हटलं, ‘वारा… आवाजात आहे ना.’
त्यांनी काही न बोलता खिडकी उघडली.

दुसऱ्या दिवशी बादली आली.
धक्क्यावरचं पाणी, वर मूठभर बर्फ.
‘डोळ्यांवर ते. हात ह्यात. आता गाठ मारा.’
काल टूलीची गाठ पाच सेकंदांत बसत होती.
आज तिची बोटंच तिचं ऐकेनात.
दोर निसटत राहिला,
ती रडकुंडीला आली, मग हसली, मग पुन्हा हात घातला.
माझ्या आठ महिन्यांत जे राहून गेलं होतं
ते एका बादलीत होतं.

तिसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले,
‘हाक काढून टाक.’
‘कुठली?’
‘पडणाऱ्याची. पडणारा ओरडत नाही.
गार पाणी आधी श्वास घेतं.
आवाजापर्यंत गोष्ट जातच नाही.’
‘तुम्हाला कसं…’ एवढंच मी म्हणालो.
ते खिडकी लावायला गेले.
बराच वेळ लावत होते.

रात्री हॉटेलात मी एक ओळ खोडली.
एकच.

सकाळी सगळ्यांच्या हातून माणूस गेला.
सिव शीळ घालत दोर गुंडाळत होती
आणि तिच्या पाठीमागून एक नारिंगी टोपी
लांब, लांब, ठिपका.
‘कोण पडलं? कधी?’
बटण. पुन्हा उभा. पुन्हा गेला.
बटण.
इथं माणूस सहादा बुडू शकतो;
बाहेर ती सोय नाही, हे कुणी बोललं नाही.

सातव्या वेळी ब्रिन्यारनं
जाळ्याला हात लावायच्या आधी मान वळवली.
ओठ हलत होते: एक, दोन, तीन, चार…
‘चारच!’
वर्षभरात ज्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता
तो असा ओरडला की
स्वयंपाकघरातली बाई झारा घेऊन धावत आली.

उजवा हात लांब. बोट रोखलेलं.
कोटांच्या खुंट्यांपलीकडच्या
रिकाम्या कोपऱ्यावर.
आइलू बोट वळवत होता, वेळ लागत होता,
दंड थरथरायला लागला,
पण ब्रिन्यारनं हात खाली घेतला नाही.

तेव्हा आयलर्ट मास्तर सावकाश चालत गेले
आणि त्या कोपऱ्यात,
बरोबर बोटाच्या रेषेत, जाऊन उभे राहिले.
ब्रिन्यारला ते दिसले नाहीत.
त्याच्या डोळ्यांपुढे पाणी होतं.

परतताना पेटीचं वजन केलं,
आलं तेवढंच भरलं.
बादली तिथंच राहिली.